तपस इथे नाही

चटईवालीचा सगळा जन्म पाणकणसात गेला होता. कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, विळ्याने पाती कापायची, काठावर वाळवायची आणि घरातल्या एकुलत्या एका खोलीत बसून चटया विणायच्या. सासूने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं: तपस ज्या बेटात अंडी घालतो त्याला विळा लावायचा नाही, आणि परक्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, फासेवाले टपलेलेच असतात. तपस म्हणजे वाळक्या गवताच्या रंगाचा, बगळ्याच्या जातीचा पक्षी. चाहूल लागली की मान उभी करून पात्यांत पातं होऊन जातो.

चाळीस वर्षं तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. म्हणूनच हिवाळ्यात पाहणीवाल्या साहेबांनी "इथे तपस आहे का?" असं विचारलं, तेव्हा ती सवयीने म्हणाली, "छे हो, बेडकांशिवाय आहे काय इथे?" साहेबांनी ते लिहून घेतलं आणि तिने खाली अंगठा उठवला.

तो कागद कशासाठी होता, हे मातीचे ट्रक आले तेव्हा कळलं. तपस नाही, मग पाणथळ बुजवायला हरकत नाही.

"घ्या जाऊबाई!" धाकटी जाऊ म्हणाली. "जन्मात एकदा साहेबाशी बोललात, तेही खोटं. आता मातीच्या चटया विणू."

"गप गं. मी जाते कचेरीत."

तीन खेटे घातल्यावर साहेब आले, तेही एका दुपारपुरते. "आजी, तुमचं तेव्हाचं खरं की आत्ताचं?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, दाखवते."

तपसाची मादी दोन हातांच्या अंतरावर घरट्यात बसली होती. चोच आभाळाकडे, वाऱ्याबरोबर डुलत.

"ती बघा."

"कुठे?"

"अहो, तुमच्या नाकासमोर!"

साहेबांनी चष्मा पुसला, कॅमेरा फिरवला. "नुसतं गवत आहे, आजी."

तिने टाळ्या वाजवल्या. मादी हलली नाही. मागे ट्रक माती ओतत होता. साहेब घड्याळ पाहू लागले, तशी तिने कमरेचा विळा काढला आणि ज्यांना कधी हात लावला नव्हता ती पाती सपासप कापली. तरी मादी उडालीच नाही. पाण्यावर तरंगही न उठवता, चालतच पलीकडच्या दाटीत शिरली. मागे चार अंडी उरली.

"अंडी कुणाचीही असतील," साहेब म्हणाले. "मला पक्षी दिसायला हवा."

"येईल हो. आई आहे ती."

कापलेल्या जागेतून ऊन थेट अंड्यांवर पडलं होतं. घरट्यावर सावली पडेल अशी ती सरकून उभी राहिली.

"तुम्ही तिथे उभ्या असताना ती येईल कशी? बाजूला व्हा."

बाजूला झालं तर अंडी तापणार, उभं राहिलं तर मादी फिरकणार नाही. तिचे पाय जागचे हलेनात. अर्ध्या तासाने साहेब काठाकडे वळले.

"निदान उद्या तरी या!" ती ओरडली.

"उद्या इथे पाणी नसेल, आजी."

ऊन कलत गेलं, तशी तीही एकेक पाऊल सरकत राहिली.