टोपलीतलं घड्याळ

मलकापूरच्या एका दुकानदाराने मला फसवलं. सागवानी म्हणून प्लास्टिकचं भिंतघड्याळ गळ्यात मारलं. इतकं हलकं कसं, विचारलं तर म्हणाला, "वाळलेलं लाकूड आहे, भाऊसाहेब." आणि मी, आयुष्यभर घासाघीस करत वर आलेला माणूस, खुशीत ते घेऊन निघालो.

मोताळ्याच्या बसमध्ये शेजारच्या म्हातारीने त्यावर टिचकी मारून कान लावला. "हे लाकूड नाही, भाऊ."

मी भडकलो. नव्या घराच्या भिंती हौसेने मातीच्या ठेवल्या, शेणाने सारवल्या. त्यावर हे सोंग टांगू? बस थांबवा, म्हणून मी कंडक्टरवर ओरडलो.

"बसा खाली," ती म्हणाली. "फसले तेच बरं झालं. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. सागवान असतं त भिंत घेऊन अंगावर आलं असतं."

लिंबं विकून रिकामी झालेली टोपली तिने पदराने पुसली आणि घड्याळ आत बसवलं. चकचकीत कड झाकली गेली.

"आता शोभते तुमच्या भिंतीले."

"अन् तुम्हाले टोपली?"

"घरी लई आहेत."

मी खिशात हात घालेपर्यंत ती फाट्यावर उतरली होती.

आता वेळ पाहायला मान वर केली की आधी ती आठवते. घड्याळ मी परत देणार नाही. पण त्या दुकानदाराने एकदा माझ्यासमोर उभं राहून सांगावं, प्लास्टिकले सागवान म्हटलं काऊन?