वीतभर खाली

म्हाताऱ्याने लेकीच्या डोक्याला ताप द्यायचंच ठरवलं असेल, तर ते काम त्याने अगदी चोख केलं होतं.

लेक दवाखान्याच्या धुलाईघरात दिवसभर चादरींशी झुंजून घरी आली आणि दारातच थबकली. हँडल जागेवर नव्हतं. म्हणजे होतं, पण वीतभर खाली, आणि ते तिचं चकचकीत नवं हँडल नव्हतंच. काळपट पडलेलं, जुनं पितळी हँडल होतं. मूळ जागी भोक. आत स्वयंपाकघराचं तेच, झोपायच्या खोलीचं तेच, न्हाणीघराचं तर विचारूच नका. तिने कपाळाला हात लावला.

बाबा हाडाचे मिस्त्री. उभं आयुष्य दारं बसवण्यात गेलं. आई गेली, मग राहती इमारतही पाडायला काढली, तेव्हा लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं आणि त्यांच्यामागोमाग एक गोणी आली. आईबरोबर ज्या ज्या भाड्याच्या खोलीत संसार केला, ती सोडताना बाबा दाराला नवं हँडल लावून द्यायचे आणि जुनं बरोबर घ्यायचे. रुळांमागची खोली, बेकरीवरची खोली, पुलाच्या तोंडाशी होती ती, जिथे ट्रक गेला की भांडी वाजायची, आणि अशा कितीतरी. त्यातलं एकही घर आता उभं नव्हतं. बाबांच्या त्या जुन्या शहरातलं उरलं काय, तर लेकीच्या पलंगाखालचं हे लोखंड-पितळ. येता-जाता ठेचा लागून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून सकाळीच तिने बजावलं होतं, संध्याकाळी भंगारवाला येईल, गोणी जाईल. बाबांनी निमूट मान हलवली होती. मान हलवून हे उद्योग.

मग काय, तोंडाचा पट्टा सुरू झाला. नवीकोरी दारं, त्यांची चाळण केली. जावयाने काय आता वाकून घरात यायचं? बाबा खाली बसून उरलेले स्क्रू डबीत भरत होते. शेवटी ती म्हणाली, "लावलीत ती लावलीत, निदान मोजून तरी लावायची."

हे मात्र बाबांना झोंबलं. मोजूनच लावलीत म्हणत ते उठले, दारापाशी गेले, हँडलच्या उंचीवर हात धरला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, हे तुझ्या आईचं माप."

आई बुटकी. दोन्ही हातांत सदा काहीतरी, पातेलं, बादली, कधी ही लेकच. दार कोपराने उघडायची. म्हणून नव्या खोलीत शिरलं की बाबांचं पहिलं काम हेच, हँडल तिच्या कोपराशी आणायचं. त्यापायी दर घरमालकाशी वाजायचं. गिऱ्हाइकांच्या दारांना त्यांनी टेप लावली, स्वतःच्या घरात कधीच नाही. आजही सवयीने हात गेला तिथेच खूण केली होती.

"चुकलंच माझं. काढतो सगळी. दे ती गोणी भंगारात," म्हणत ते स्क्रू खोलायला बसले.

लेकीला आणखीच राग आला. चूक करतात आणि वर लगेच कबूलही करतात, अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

तेवढ्यात भंगारवाल्याने बेल वाजवली. ओट्यावर काढून ठेवलेली आपली नवी हँडलं तिने उचलली, त्याच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं. मग तिथेच दाराला खेटून, हात कोपरात दुमडून उभी राहिली.

"घ्या माप. आणि लवकर घ्या, माझा स्वयंपाक पडलाय."

बाबा कानावरची पेन्सिल काढून जवळ आले.

"सरळ उभी राहा," ते म्हणाले. "तुझी आई फार चुळबुळ करायची."

दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आले होते, तरी ती हलली नाही.