नेहाच्या सासऱ्यांचा 'ब्रेव्ह'

इंग्रजीतला 'ब्रेव्ह' हा शब्द आमच्या परदेशातल्या उपनगरात, अख्ख्या पॉइंट कुकमध्ये, जपून वापरणारा एकच माणूस होता: माझ्या मैत्रिणीचे, नेहाचे सासरे, आम्हा सगळ्यांचे बाबा. पुण्यात जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे हाताला सवय मोजूनमापून मार्क देण्याची. इथे हा शब्द कुणालाही फुकट मिळतो, याचा त्यांना भारी मनस्ताप. दातांच्या डॉक्टरीणबाई नातीला "सो ब्रेव्ह!" म्हणाल्या, तर हे म्हणाले, "मॅडम, शी वॉज वॉचिंग कार्टून्स." फ्लूची लस घेतल्यावर नर्सने गमतीने त्यांच्याच शर्टावर 'ब्रेव्ह'चं स्टिकर लावलं, ते त्यांनी हलकेच सोलून आभारासकट परत केलं. बार्बेक्यूला शेजारच्या गोऱ्याने नेहाच्या हातचा ठेचा चमचाभर तोंडात टाकला आणि सगळे ओरडले, "ब्रेव्ह, मेट!" बाबा म्हणाले, "छे, नुसतं अज्ञान!" आणि आत जाऊन त्याच्यासाठी दही घेऊन आले. त्यांची अट एकच होती. "गुडघे लटपटले पाहिजेत, आणि तरी पाय पुढे पडला पाहिजे. मग बघू."

नेहाचे गुडघे लटपटत होते, पण पाय काही पुढे पडत नव्हता. फ्रीवेवर ट्रकने मागून ठोकल्यापासून तिने त्या रस्त्याचं नाव टाकलं होतं. आता मनासारखी नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि फ्रीवेशिवाय तिथे वेळेत पोचणं शक्य नव्हतं. नवरा दूर कालगुर्लीला खाणीवर नोकरीला. म्हणून रविवारी सकाळी सराव ठरला. मी मागे बसले आणि तिच्या शेजारी बाबा, मांडीवर पोह्यांचा स्टीलचा डबा घेऊन. काटा साठच्या वर गेला की डोळे मिटून रामरक्षा सुरू करणारा माणूस! फ्रीवेच्या तोंडाशी नेहा कुजबुजली, "बाबा, नाही जमणार मला."

"मी आहे ना," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ती घुसली. ट्रक बाजूने गेला, रामरक्षेचा आवाज चढला, आणि पुढच्या एक्झिटला पेट्रोल पंपावर गाडी थांबली. इंजिन बंद झालं, तरी काहीतरी खडखडतच होतं.

"बाबा, डबा का वाजतोय?" नेहाने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. "अहो, ब्रेव्ह तर तुम्ही आहात!"

बाबांनी प्रथमच कुणाची चूक काढली नाही. "पोहे खा, गार होतायत," एवढंच म्हणाले.

सोमवारी नेहा एकटी गेली. गाडी वळेपर्यंत बाबा माझ्याबरोबर फाटकापाशी उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ब्रेव्ह आहे हं पोर. तिला सांगू नकोस, शेफारेल."

गेल्या महिन्यात व्हिसा संपला आणि बाबा पुण्याला परतले. विमानतळावर नेहानेच सोडलं त्यांना, फ्रीवेने. येताना मी सवयीने मागेच बसले होते. मला राहवलं नाही, बाबांचं ते फाटकापाशी बोललेलं सांगून टाकलं तिला. तिचे डोळे भरले, पण हात स्टिअरिंगवरून हलला नाही.

"पुढे का नाही बसलीस गं?" ती म्हणाली. फ्रीवेवर गाडी मध्येच थांबवता येत नाही, म्हणून तिच्या शेजारची बाबांची जागा घरापर्यंत रिकामीच राहिली.