थोड्या वेळात परत या

आमच्या इस्पितळाची वेबसाइट तो सांभाळतो; कचेरीत त्याला सगळे ‘पाटीवाला’ म्हणतात. वेबसाइटमध्ये काहीही बदलायचं असलं की आधी तिच्यावर पाटी लावायची, हा त्याचा नेम. पाटी असेपर्यंत बाहेरच्या कुणालाही फॉर्म भरता येत नाही, म्हणजे अर्ध्यावर कुणाचं अडकत नाही. "घरी दाढी करतानाही पाटी लावतोस का रे?" म्हणून मी त्याला पिडायचो. पण पंधरा वर्षांत त्याचं एकही काम अंगाशी आलं नव्हतं.

पाटीवरचे शब्द त्याच्या मावशीचे. त्याने आधी ‘दुरुस्तीसाठी बंद’ असं लिहिलं होतं. मावशीने नाक मुरडलं. "बंद म्हटलंस तर माणसं निघून जातील. थोड्या वेळात परत या, असं लिही." आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द तो खाली पडू देत नसे.

त्या सोमवारी डोळ्यांच्या ऑपरेशनची नोंदणी होती, खिडकीवर आणि वेबसाइटवर, दुपारी बारा वाजेपर्यंत. जागा चाळीस. हे ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरून येतात, सहा महिन्यांतून एकदा. मावशीचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याला आता उशीर नको, असं त्यांनी बजावलेलं. तरी म्हातारी हट्टी. "वशिला नको, माझा फॉर्म मीच भरणार."

सकाळी आठला त्याने पाटी लावली, अपडेट केलं, साडेआठला साइट उघडून पाहिली. सगळं ठीक. त्याच्या खांद्यावरून मीही पाहिलं, आणि याची मला आजही लाज वाटते. तो स्वतःच्या पासवर्डने आत शिरलेला होता आणि आत शिरलेल्याला पाटी दिसतच नाही. ती काढायची राहिली होती.

बाराला यादी लागली. चाळीसही नावं खिडकीवरच्या रांगेतली. वेबसाइटवरून एकही नाही. त्याने मावशीला फोन लावला.

"पाटी होती ना रे. तुझीच म्हटल्यावर बसून राहिले. दर पाच मिनिटांनी बघतेय."

"अगं, मला फोन नाही का करायचा?"

"तू कामात असशील म्हटलं."

फोन कानालाच ठेवून तो खिडकीवरच्या बाईंकडे धावला. मीही मागोमाग गेलो, आवाज चढवला. बाईंनी यादी आमच्यापुढे सरकवली. "डॉक्टरांची सही झालीये. कुणाचं नाव खोडू, तुम्हीच सांगा."

त्याने चाळीस नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि यादी परत दिली.

फोनमधून मावशी विचारत होती, "झालं का रे तुझं काम? आता बघू का परत?"