टाके, तिरपाल अन् महालक्ष्म्या

आमच्या घरी किस्से खरकट्या भांड्यासारखे साचतात. रोज दोन-तीन पडतात मोरीत, अन् घासाले कोणी येत नाही. मंग एक दिवस मीच बाह्या वर करून बसतो. यंदा तं मोरी भरून वाहून राह्यली, कारण ऐन सणाच्या तोंडावर आईचं ऑपरेशन झालं.

मी गुड्डी. दहावीत माहं गणित अन् विज्ञान राह्यलं. तेव्हापासून शाळा माही वाट पाहत नाही अन् मी शाळेची. बाबा वणीले कोळशाचा ट्रक चालवते. अन् आई घर चालवते, म्हणजे बाबाले अन् मले दोघायलेबी.

पोळ्याच्या धा दिवस आधी यवतमाळले आईची पिशवी काढली, गर्भाची. सुट्टी देताना डॉक्टर म्हणे, "सहा आठवडे वजन उचलायचं नाही. वाकायचं नाही. खोकला आला, हसू आलं, तं पोटावर उशी दाबायची. टाके कच्चे आहेत."

बाबानं वजनाचं लिहून घेतलं, वाकायचं लिहून घेतलं. हसण्यावर आले अन् माह्याकडं पाह्यलं.

"डॉक्टर साहेब," बाबा म्हणे, "ह्या पोट्टीले तुमच्याकडं ठेवता येते काय, सहा आठवडे?"

*

घरी येऊन पाठ टेकली नाही तं आत्याचा फोन! आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण, बोरी अरबले राहते. बाबा घाटात ट्रक उतरवताना भेत नाही, पण आत्याचा नंबर दिसला का उभं राहून बोलते.

आत्या म्हणे, "यंदा तुमच्या घरी कोणता सण नाही. महालक्ष्म्यायचे मुखवटे मी घेऊन जातो. माह्या घरी बसवतो."

आता हे समजून घ्या. ते दोन पितळी मुखवटे आजीनं आईच्या वटीत टाकले होते. आमच्या गल्लीतल्या एका घरचे मुखवटे असेच 'एका वर्षासाठी' जावेकडं गेले. त्याले आता इतकी वर्षं झाली का तिकडच्या सुना त्यायले आपलेच समजतात. मुखवटे एकदा उंबऱ्याबाहेर गेले का गेलेच!

अन् बाबा फोनवर म्हणून राह्यले, "हो ताई... पाहू ताई..."

आई बाजीवर पडल्या-पडल्या म्हणे, "पाहू काय? सांगा त्यायले, ह्या घरचा एकही सण चुकणार नाही!"

बाबानं फोनवर हात ठेवला. "अवो, पण तू उठली तं टाके..."

"मी उठणारबी नाही!"

"मंग करन कोण?"

आईनं नुसतं बोट दाखवलं. आधी बाबाकडं, मंग माह्याकडं. मले वाटलं, सांगाव डॉक्टरले, आम्हालेबी भरती करून घ्या!

*

पाहाले येणाऱ्या बायकायची तं लाइन लागली. सगळ्या बिस्कुटाचा पुडा घेऊन येत, अन् सगळ्या हळूच बोलत, जसं काही आईनं बँक लुटली.

शेजारची काकू आली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, तोंडावर पदर घेतला अन् आईच्या कानाशी जाऊन म्हणे, "पिशवी काढली म्हणे व?"

आई मोठ्यानं बोलली, पार रोडवर ऐकू जाईन असं.

"काढली! काहून, तुले पायजे होती काय? आधी सांगाव न बाई, बांधून आणली असती!"

काकूनं चहाबी अर्धाच पेला.

*

मंग आला पोळा. आमच्याकडं बैल नाही. पण पोळ्याले बाबा ट्रक धुते. बोनेटले बेगड लावते, आरशाले घुंगरमाळ बांधते अन् पुरणपोळीचा निवद दाखवते. बाबा म्हणते, "ज्याच्या खांद्यावर घर, तो बैल."

पुरणपोळी दरवर्षी आई करे. यंदा बाबा बसले. आई बाजीवरून सांगे, बाबा ऐके, अन् पुरण कोणाचंच ऐकत नव्हतं. आधी पातळ झालं. मंग आटवाले ठेवलं तं खालून लागलं. पहिली पोळी तव्यावर फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटली नाही, कारण ती फुटाच्या लायकीचीच नव्हती. पडली तं टण्ण वाजली!

ट्रकले निवद झाला. ट्रक काही बोलला नाही. तेवढ्यात शेजारच्या काकाची बैलजोडी दारात आली. दारात आलेल्या बैलाले खाली हातानं धाडाचं नसते. बाबानं मोठ्या मानानं पोळी पुढं केली.

बैलानं हुंगली. बाबाकडं पाह्यलं. अन् तोंड फिरवलं!

तोच बैल, ज्यानं मागच्या महिन्यात काकाची चप्पल खाल्ली होती.

आतून आईचा आवाज, "खाल्ली काय हो?"

मी म्हणलं, "आई, तो म्हणते माहा आज उपास हाय!"

अन् झालं. आईले हसू फुटलं. एका हातानं पोट धरते, एका हातानं मले शिव्या देते, अन् बाबा अंगणातून वरडते, "उशी! पोट्टे, उशी दे आधी!"

त्या दिवसापासून माह्या बोलण्यावर बंदी. बाबानं कायदाच काढला. आईच्या खोलीत जायचं तं तोंडात सुपारीचं खांड ठेवून जायचं.

*

आईले वाटे कोणी पाहून नाही राह्यलं, का लगेच पाय खाली. एकदा तं झाडू हातात घेऊन सापडली! म्हणे, "झाडत नव्हती, धरून पाहत होती."

मी डोकं लावलं. ट्रकची घुंगरमाळ काढली अन् आईच्या बाजीच्या पायाले बांधली. उठली का वाजन, वाजली का मी पळन. मस्त फिटिंग!

दुपारी वाजली. मी हातातलं लाटणं टाकून पळाली. आई जागच्या जागी. म्हणे, "पाणी दे जरा."

परत वाजली. पळाली. "पंखा कमी कर."

परत. "रिमोट दे."

"बाज हालवतो अन् तू येतो," आई म्हणे, "लय सोयीचं केलं व तू. डोकं हाय पोट्टीले!"

पाचव्या खेपेले घुंगरमाळ मीच सोडली अन् गपचूप ट्रकले नेऊन बांधली.

*

गणपती बसवाले भटजी भेटले नाही. सगळ्यायले एकाच टायमाले पायजे! बाबानं मोबाइल पाटाजवळ उभा केला. मोबाइलमधले गुरुजी सांगतीन तसं करत चालले. पाणी सोडा, सोडलं. फूल वाहा, वाह्यलं. डोळे मिटून हात जोडा, जोडले.

अन् मधात जाहिरात आली. ट्रकच्या टायरची!

मी पुढं ढकलाले हात नेला, तं बाबाचे डोळे मिटलेलेच, अन् म्हणे, "राहू दे, राहू दे... ट्युबलेस हाय काय पाह्य."

*

महालक्ष्म्या यायच्या दिवशी बाबा खाणीतून थेट घरी आले. टाइम झाला होता. मी दारापासून देवघरापर्यंत फरशी पुसून कुंकवाची पावलं काढली होती. लहान-लहान, एकसारखी. माह्या जिंदगीत मी केलेलं एवढंच नीटनेटकं काम.

आमच्याकडं असं असते का घरची बाई मुखवटा घेऊन उंबऱ्यावर उभी राहते. आतून कोणी विचारते, कोण आलं? ती म्हणते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलानं आली? सोन्याच्या पावलानं आली. असं म्हणत आत याचं.

यंदा बाबा उभे. नवा टॉवेल खांद्यावर, दोन हातात दोन मुखवटे. आई बाजीवर उशाले टेकून बसली होती. विचाराचं काम माह्याकडं.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली!" बाबा आत शिरले.

"कशाच्या पावलानं आली?"

बाबा सोन्याच्या म्हणणार, तेवढ्यात त्यायनं मागं वळून पाह्यलं. हात धुतले होते, तोंड धुतलं होतं, पाय राह्यले होते. माह्या एका-एका कुंकवाच्या पावलावर बाबाचं एक-एक पाऊल. पूर्ण काळं. दहा नंबरचं!

बाबा तसेच उभे. खोटं बोलता येईना.

"कोळशाच्या," बाबा म्हणे.

मी सुपारी चावून धरली. आता आई हसन, आता उशी लागन. पण आई हसली नाही. पदर डोक्यावर घेतला अन् म्हणे,

"मंग बरोबर हाय. ह्या घरी लक्ष्मी कोळशाच्याच पावलानं येते. पुसू नको गुड्डे."

तीन दिवस ती पावलं आम्ही पुसली नाही. आली-गेली बाई त्यायले वलांडून जाये.

*

जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या बाबानं अन् मी मिळून केल्या. बारा ओळखू येत होत्या. पुरण यावेळी जमलं, कसं ते बाबालेबी माहीत नाही.

संध्याकाळी हळदीकुंकू. आई बाजीवर झोपून. ज्या बाईले कुंकू पायजे तिले खाली वाकाव लागे. आई माह्या कानात सांगे, "पाह्य व, ती पाटलीण! लग्नापासून माह्यापुढं मान वाकवली नव्हती तिनं. पिशवी गेली त्याचं काही वाटत नाही मले आता."

तीच काकू आली, अर्ध्या चहावाली. ताट पाह्यलं, फुलोरा पाह्यला, नाक मुरडलं.

"सगळं ठीक हाय व. पण गड्याच्या हातचा निवद देवीले चालते काय?"

आई म्हणे, "बाई, माहं पोट फाडलं तो डॉक्टर गडीच होता. गड्यानं पोट फाडलेलं चालते, अन् पुरण वाटलेलं चालत नाही?"

काकूनं दोन पोळ्या खाल्ल्या. एक बांधून नेली.

*

साड्यायचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, ते आता सांगतो.

महालक्ष्म्या लोखंडी स्टँडवर बसतात. धड कापडाचं, वर मुखवटा, अन् अंगाले साडी. साडी नेसवणं म्हणजे खरी परीक्षा. आईच्या निऱ्या अशा पडत का बायका फोटो काढून नेत. बाबानं दोन तास झटापट केली. निऱ्या घातल्या का पदर सुटे, पदर धरला का मुखवटा डुले.

आई बाजीवरून, "डावीकडं... तुमचं डावं नाही, देवीचं डावं!"

शेवटी बाबा उठले. ट्रकमधून तिरपाल, म्हणजे कोळशावरची ताडपत्री, बांधाची बारीक दोरी आणली. साडीच्या आतून, कोणाले दिसणार नाही अशी, कमरेतून खांद्यावर, खांद्यावरून गळ्यापाशी, मुखवट्याच्या कडीतून खाली, अन् पायाशी गाठ. दोघीलेबी तशीच. एकदा हालवून पाह्यलं. स्टँड हालला, घर हाललं, साडी हालली नाही!

"ह्याच बांधणीत तीस टन कोळसा चंद्रपूरले जाते," बाबा म्हणे. "ह्या दोघी कुठं चालल्या!"

तिसऱ्या दिवशी, विसर्जनाले, आत्या आली. हातात नवा स्टीलचा डबा, आत मऊ कापूस. मी डब्याकडं पाह्यलं, आईनं पाह्यलं. सगळ्यायले समजलं.

आत्यानं आरती घेतली, अक्षता टाकल्या. मंग भावाले म्हणे, "यंदा केलं तुम्ही, चांगलं केलं. पण हे काही दरसालचं नाही. तुह्या बायकोच्यानं आता होणार नाही. मी मुखवटे नेतो. चारची गाडी हाय माही."

आईनं बाजीच्या कडेले हात टेकला. दुसरा टेकला. ओठ दाबून उठून राह्यली होती! घुंगरू नव्हतं, पण मले ऐकू आलं.

"तू उठू नको!" बाबा वरडले.

माह्या बापाचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आईबी खाली बसली. बाबा आत्याकडं वळले. मले वाटलं, आज झालं महाभारत!

पण बाबा एकदम गोड. "ने न ताई. तूच मोठी हायेस. घे सोडून."

आत्या सोडाले बसली. पिना काढल्या. पदर ओढला, निघेना. मुखवटा उचलला, तं सोबत स्टँड उचलला! दोरी हाताले लागली. इकडून ओढली, तं तिकडून आवळली. तिकडून ओढली, तं सगळीकडून आवळली. नखं लावली. दात लावले. घाम पुसला. गल्लीतल्या बायका जमल्या. एक म्हणे वरून ओढा, एक म्हणे खालून. पाटलीण म्हणे, "देवीले जायचंच नसन."

आत्या कावली. "आण व गुड्डे कात्री!"

मी आणली. आत्यानं कात्री उघडली, देवीच्या अंगापाशी नेली, अन् हात तसाच थांबला. बायका पाहून राह्यल्या होत्या. आत्यानं आपल्या हातानंच कात्री खाली ठेवली.

बाबा खुर्चीत बसून चहा पेत होते. म्हणे, "ताई, पावणेचार झाले."

आत्या उठली. रिकामा डबा काखेत. दारातून म्हणे, "पुढच्या साली पाहतो मी!"

"ये न ताई," बाबा म्हणे, "जेवालेच ये."

मी तिले गाडीत बसवून आली. गाडी हालताना पाह्यली, मंगच परतली. घरी आली तं बाबा महालक्ष्मीच्या पायाशी बसले होते. त्यायनं दोरीचं एक टोक दोन बोटायत धरलं अन् हळूच ओढलं.

फस्सकन पूर्ण दोरी मोकळी! साडी आपोआप खाली उतरली. पहिला मुखवटा बाबाच्या हातात.

आई पाहतच राह्यली. "अहो, इतकं सोपं होतं? मंग ताईले सांगितलं काहून नाही?"

बाबा साडीची घडी घालत म्हणे, "तिनं विचारलंच कुठं!"