फितीमागची चिंधी

ओइवा ह्युट्टिनेन गेला तेव्हा आमच्या वार्काउस गावच्या पेपरात चार ओळी आल्या. कागद गिरणीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन, पदकांचा जाणकार, मागे एक भाची. खोटं काही नव्हतं त्यात, पण कामाचंही काही नव्हतं. शाळेत रसायनशास्त्र शिकवून उरलेला वेळ मी पदकं जमवणाऱ्यांच्या क्लबात घालवला, ओइवाच्या शेजारच्या खुर्चीवर. तेव्हा मीच लिहिते.

ओइवाचा बाप इल्मो एकोणीसशे एकेचाळीसच्या उन्हाळ्यात युद्धाच्या आघाडीवर पडला. पोरगं तेव्हा रांगत होतं. जो पडेल त्याच्या बायकोला, बायको नसली तर आईला, सरकारकडून एक क्रॉस यायचा. मधोमध गुलाब, पाठीवर साल, आणि काळी फीत. दुःखाचा क्रॉसच म्हणायचे त्याला सगळे. नाव कुणाचंच कोरलेलं नसायचं. हजारो घरांत अगदी एकसारखे क्रॉस.

ओइवाच्या आईने, साइमाने, तो इल्मोच्या फोटोखाली खिळ्याला टांगला होता. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी छातीवर लावून ती चर्चला जायची. पुढे तिने काउकोशी लग्न केलं. काउको नदीतून ओंडके वाहून न्यायच्या कामावर होता. कामाला वाघ, डोक्याने ओंडकाच. "माझ्या घरात मेलेल्या माणसाचं दुकान नको," म्हणाला, फोटो फडताळात टाकला आणि क्रॉस बाजारात कुणाला तरी देऊन आला. साइमा बोलली नाही. ओइवा तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्यानेही विचारलं नाही. भिंतीवर रिकामा खिळा राहिला, आणि तो राहिला म्हणूनही कुणी काही बोललं नाही.

आमच्याकडे घरं अशीच चालतात. एका टेबलाशी बसून बटाटे सोलतील, सॉनाच्या वाफेत शेजारी शेजारी घाम गाळतील, पण मनातलं काढणार नाहीत. लोक याला संयम म्हणतात. मी आळस म्हणते.

ओइवा गिरणीत लागला आणि पदकं जमवायला लागला. सगळ्यांना वाटलं, एकटा माणूस आहे, काहीतरी चाळा हवा. मलाही तेच वाटायचं. एकदा कुओपिओच्या मेळाव्याहून परतताना गाडीत त्याने सांगितलं, "मला एकच हवंय, केर्त्तु. बाकीचं सगळं ते शोधताना गोळा झालं."

"मग आईला विचार की, कसा होता म्हणून!"

"कसा म्हणजे? सगळे सारखेच असतात."

"सारखे असतात तर तू ओळखणार कसा, शहाण्या?"

 तो म्हणाला, "हातात आला की कळेल."

इतर बाबतीत हा माणूस हातात आलेल्या वस्तूचं सगळं सांगायचा. हिवाळी युद्धाच्या पदकावरची आघाडीच्या नावाची पट्टी ठोकलेली आहे की ओतलेली, हे तो नखाने सांगायचा. चिक्कूही तेवढाच होता. क्लबात कॉफीबरोबर वेलदोड्याचे पाव असले की दोन खिशात घालायचा.

आता फितींचं सांगते, कारण माती तिथेच खाल्ली. त्या काळी आम्हा सगळ्यांची एक पद्धत होती. जुनं पदक मिळालं की आधी त्याची मळकी, कसर लागलेली फीत उसवून फेकायची, धातू द्रावणात बुडवून लख्ख करायचा आणि हेलसिंकीहून मीटरवर आणलेली नवी कोरी फीत शिवायची. वार्षिक प्रदर्शनात मळकी फीत दिसली की आहोनेन, आमचा अध्यक्ष, ओरडायचा, "अरे, हे कुणी कोंबड्यांच्या खुराड्यातून आणलं?" त्यामुळे ओइवाचे क्रॉस टेबलावर सगळ्यांत चकचकीत. आजची पोरं जुन्या फितीसाठी दुप्पट मोजतात. आम्ही त्या चुलीत घातल्या.

साइमा ऐंशीच्या घरात आली. काउको कधीच मेला होता, तिची नजर गेली होती, आणि ती तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात राहत होती. त्या मे महिन्यात आम्ही दोघांनी तिची चाकाची खुर्ची ढकलत चर्चच्या आवारात नेली. इल्मोच्या थडग्याच्या दगडापाशी थांबलो. पाद्रीबुवांचं बोलणं संपलं, बँड थांबला, आणि साइमा एकदम म्हणाली, "ओइवा, माझा क्रॉस हवा होता मला. मेल्यावर पेटीत ठेवतील तेव्हा हातात असू दे. इल्मोकडे रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा!  "आणतो, आई," ओइवा एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी तो डबा घेऊन गेला. मलाही नेलं, एकट्याचा धीर होत नव्हता. डब्यात नऊ क्रॉस होते, सगळे एकेचाळीसचे, सगळे आमच्याच भागातल्या बाजारांतून आणि घरांतून मिळालेले. त्याने एकेक तिच्या हातावर ठेवला. ती धातूला हातच लावत नव्हती. फीत उलटी करायची, बोट फिरवायची, परत द्यायची.

"हा नाही. हाही नाही. अरे, हे सगळे दुकानातून आणलेस का?"

"आई, फितीत काय बघतेस?"

"मागची चिंधी बघतेय. ती पिन मेली सारखी टोचायची मला. मग इल्मोच्या शर्टाचा तुकडा मागून शिवला होता मी. फ्लॅनेलचा. निळ्या चौकड्यांचा." मग जरा हसली. "काळा दोरा मिळत नव्हता तेव्हा. पांढराच शाईत बुडवला."

ओइवाने डब्याचं झाकण लावलं. घाई नाही, आवाज नाही. मला कळलं काहीतरी झालं.

बाहेर गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावलीच नाही.

"होती ती माझ्याकडे."

"काय होती?"

"चिंधी. निळी. नखांनी ओरबाडून काढली मी. क्लबात दाखवलीसुद्धा. आहोनेन म्हणाला, बघा, कुणा बाईने पदकाला लंगोट शिवलाय. सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन सॉनाच्या चुलीत टाकली."

"पण मग क्रॉस तुझ्याकडेच आहे ना! कुठला होता तो?"

"त्या दिवशी पाच-सहा एकदम उसवले होते. एकाच भांड्यात बुडवले, एकाच फडक्याने पुसले." तो स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "आणि मागाहून दोन-तीन बदल्यात दिले. एक जर्मनीला गेला."

 मी आपली व्यवहाराची बाई. म्हटलं, नऊच्या नऊ ठेव तिच्या हातात, त्यात असला तर असला. तो म्हणाला, "आठ परक्या बायकांचे नवरे आईच्या पेटीत घालू? तिला चालेल?" नसतं चाललं. साइमाला मी ओळखत होते. मग म्हटलं, निळा फ्लॅनेल आण आणि शीव एकाला. तिला कुठे दिसतंय?

शिवला त्याने. जुना शर्ट कुठून तरी पैदा केला, दोरा शाईत बुडवला, फीत चहाच्या पाण्यात घालून मळवली. जन्मभर नकली माल पकडणाऱ्या माणसाने जन्मातला एक नकली माल केला, आणि खरं सांगते, काम सुरेख होतं.

साइमाने तो हातात घेतला. चिंधीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मला वाटलं, जमलं. मग तिने ओइवाचा हात चाचपून शोधला आणि क्रॉस त्यात ठेवून त्याची मूठ मिटवली.

"टाके चांगले घालतोस," म्हणाली. "पण हे माझे नाहीत रे. जपून ठेव हा. जिचा असेल तीही शोधत असेल."

"आई, मी..."

"कॉफी आण जा. पातळ नको."

सांगायची वेळ ती होती. तो कॉफी आणायला गेला. त्यानंतर दर रविवारी तो जायचा आणि दर रविवारी मी विचारायचे, सांगितलंस का? तो म्हणायचा, बघू. जूनच्या शेवटी, तळ्याकाठी होळ्या पेटवतात त्या उन्हाळी सणाच्या सुट्टीत, ती गेली. पेटीत तिचे हात नुसतेच एकमेकांवर ठेवलेले होते.

ओइवाने त्यानंतर एकही पदक घेतलं नाही. क्लबात यायचा, कॉफी प्यायचा, कुणी काही पुढे केलं की म्हणायचा, "आहोनेनला दाखव." बाकीचा संग्रह त्याने विकला, ते नऊ मात्र नाही. विकले तर कदाचित आईचा जाईल; ठेवले तर निदान आठ जणींचे अडकून राहतात. तो असाच वीस-बावीस वर्षं त्या डब्याशेजारी जगला. गेल्यावर भाचीने डबा माझ्याकडे आणून टाकला. तिला पदकांतलं काही कळत नाही, आणि सांगून कळण्यासारखं आहे काय यात?

परवा क्लबातला नवा माणूस, यार्मो, घरी आला होता. बँकेत आहे, पैसेवाला, वाचन दांडगं. डबा उघडला आणि आठ क्रॉस त्याने बाजूला सारले.

"काय हे, केर्त्तुबाई! सगळ्यांच्या फिती नव्या. मातीमोल करून टाकले हो कुणीतरी." मग नववा उचलला, उलटा केला, खिशातून भिंग काढलं. "हा मात्र बघा! अस्सल. शाईत बुडवलेला दोरा, नवऱ्याच्या शर्टाची चिंधी. युद्धातल्या बाईच्या हातचे टाके आहेत हे, मी शपथेवर सांगतो. मला द्या, म्हणाल ती किंमत."

"तो खोटा आहे," मी म्हणाले.

यार्मो हसला. म्हातारीला विकायचा नाही, म्हणून काहीतरी सांगतेय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "तुम्हाला फितींतलं कळत नाही, बाई," म्हणाला, अगदी प्रेमाने.

मी डबा बंद करून कपाटात ठेवला. आणखी किती दिवस ठेवणार? माझ्या मागे तो यार्मोकडेच जाईल. मग ओइवाचे टाके काचेच्या पेटीत, खाली कुणा वीराच्या विधवेच्या नावाची पाटी लावून बसतील. आणि साइमाचा क्रॉस, त्या आठांत असलाच तर, मातीमोल म्हणून कुठल्या तरी खोक्यात पडून राहील.