मला उचलू नका

आमच्याकडची माणसं मदतीला लई तत्पर. मला बघितलं की दोघं जण बाह्या सरसावून पुढं येतात. "ताई, काय वजन हाय तुमचं, आत्ता नेतो वर." लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले, सपाटीला कुबड्यांवर चालते, पण तेव्हापासून लोक मला उचलतच आले. भोकरच्या शाळेत थोरल्या भावाच्या पाठीवर, बँकेत शिपायाच्या हातांवर. मतदानाला तर पक्षाची पोरं खुर्चीसकट उचलून न्यायची आणि फोटो काढून गावभर फिरवायची. मी मत दिलं याचं कौतुक कुणाला नव्हतं, मला कुणी उचललं याचं होतं.

कुठं रॅम्प बांधा म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कशाला बाई, आम्ही हावोत की." यावरच माझं डोकं फिरायचं. माणसं चांगली होती, म्हणून सरकारला काही करावंच लागत नव्हतं.

मग मी लिपिकाची परीक्षा पास झाले. दिव्यांगांसाठी राखीव जागा होती. कागदपत्रांची तपासणी नांदेडला, एका सरकारी कार्यालयात. नाव सांगत नाही, तुमच्या गावातलंही तसंच असणार. दादा मला घेऊन गेला. तपासणी दुसऱ्या मजल्यावर. दिव्यांगांची तपासणी, आणि दुसऱ्या मजल्यावर! खाली लिफ्ट होती, दाराला कुलूप होतं. दारावर खंडेनवमीचा वाळका झेंडूचा हार आणि हळदकुंकवाची बोटं.

"कधीपासून बंद हाय?" मी शिपायाला विचारलं.

"सुरू कधी होती, ताई?" तो म्हणाला. "पण पूजा आम्ही दरसाल करतो बरं का."

एवढं सांगून त्यानं चहाच्या टपरीवरच्या दोघांना हाक मारली. ते आलेच. तोवर दादा सवयीनं माझ्यासमोर पाठ करून वाकला होता. त्या पाठीकडं बघून मी म्हटलं, "नको."

"नको म्हणजे?"

"मी उचलून जाणार न्हाई."

दादा वळला. "उगं हट्ट करू नको. आज शेवटचा दिवस हाय. वर गेली न्हाईस तर यादीतल्या तुझ्या मागचीला घेतील."

"घेऊ दे."

म्हटलं खरं, पण गरज मलाच होती. आई-बाबा गेल्यापासून मी दादाच्या घरात राहत होते. वहिनी चांगली आहे, कधी उणा शब्द बोलली नाही. पण कुणाच्या चांगुलपणावर जन्म काढायचा म्हणजे काय, हे मला विचारा. ही नोकरी म्हणजे त्यातून सुटायची वाट होती, आणि ती मीच घालवायला बसले होते.

दादा हळू आवाजात म्हणाला, "माझ्या पाठीवर बसायचीपण लाज वाटायली का तुला?"

"तुझी न्हाई रे दादा. ह्यांची वाटायली."

तो बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला लागलं होतं. मलाही लागलं, पण आता माघार घेतली असती तर पुन्हा कधी तोंड उघडता आलं नसतं. घरी मी बसून बसून पायऱ्या चढते. सरकारच्या दारात, लोकांसमोर, तसं सरपटायचं नव्हतं. मी पहिल्या पायरीवर मधोमध बसले आणि कुबड्या आडव्या ठेवल्या.

वरून एक कारकून आला. "मॅडम, उमेदवार समोर लागतो."

"मी समोरच हाय. तुम्ही टेबल घेऊन खाली या."

"तसं नियमात नाही."

"मग लिहून द्या. उमेदवार आली होती, जिन्यामुळं गैरहजर."

ते काही तो लिहीना. वर साहेबांकडं गेला. जयपूर फूट लावलेला एक गृहस्थ, तोही तपासणीलाच आलेला, माझ्याजवळ येऊन "सरका ताई" म्हणाला आणि शेजारी बसला. मग काठीनं चाचपत एक आंधळी बाई आली. तिला जिना चढता येत होता, तरी बसली. आमच्या पुढं-मागं वर-खाली करणाऱ्यांची गर्दी तुंबली.

शेवटी साहेबच जिन्याच्या वळणावर आले. "शासकीय कामात अडथळा आणून राहिलात तुम्ही. कळतंय का?"

"साहेब, तुमचा जिना आडवा आलाय. मी नुसती बसले."

साहेबांची जेवायची वेळ झालेली, गाडी खाली उभी, आणि आम्हाला ओलांडून जायची काही त्यांची छाती होईना. बराच वेळ वर कुजबुज चालली. मग टेबल खाली आलं. टपरीवरच्या दोघांनी आणि शिपायानं मिळून उचलून आणलं. उचलायची हौस होती ना, ती टेबलावर भागली. लिफ्टसमोर, त्या वाळक्या हाराखाली माझी तपासणी झाली. दादा लांबूनच बघत होता. जाताना माझ्या कुबड्यांची धूळ त्यानं रुमालानं पुसून दिली.

नोकरी मिळाली. नेमणूक त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी शिपाई पुन्हा माणसं घेऊन तयार. मी म्हटलं, माझी खुर्ची खाली लावा. लिफ्ट सुरू झाली की वर येते, असा अर्जही देऊन ठेवला. आता हिमायतनगर-किनवटकडून आलेली गुडघेदुखीची म्हातारी माणसं, पोटुशा बाया, सगळे माझ्याच टेबलाशी कागद देतात. खंडेनवमीला शिपाई मला लिफ्टपुढं नारळ फोडायला बोलवतो. चालेल त्या दिवशी फोडीन, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

साहेबांना फाईल लागली की ते स्वतःच उतरून येतात. त्यांचेही गुडघे गेलेत म्हणे. परवा शेवटच्या पायरीवर कठडा धरून धापा टाकत उभे होते. मी लिहिता लिहिता मान वर केली.

"साहेब," मी विचारलं, "उचलायला सांगू का कुणाला?"